उभी बेरीज

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या उजव्या खणांत निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असते. वाण्याच्या दुकानांत उधारी मांडण्यासाठीं ज्या जातीची वही वापरीत, त्याच जातीची ती आहे. ती उघडून पाहण्याची घरांत कोणालाहि मनाई नाहीं. पण तशी इच्छाहि आजवर कोणाला झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. अपवाद एकच. मागें एकदां कात्री शोधतां शोधतां ती वही सौ.च्या हातीं लागली. चार-दोन पानें तिनें चाळलीं, चष्मा कपाळावर सरकविला, आणि माझ्याकडे वळून ती म्हणाली, “हें काय आहे हो? वुल्फ काय, स्किन्स काय! डॉक्टरांच्या नांवापुढें उणे दीडशें, कर्नलसाहेबांच्या नांवापुढें अधिक साठ! तुम्ही शनिवारीं खेळायला जातां, कीं सावकारी करायला?”

मीं हंसून वेळ मारून नेली. परंतु तिच्या प्रश्नांत थट्टेपेक्षां थोडें अधिक कांहीं तरी होतें, हें कळायला मला पुढें एक अख्खा पावसाळा खर्चीं घालावा लागला. त्या पावसाळ्याची हकीगत सांगण्यापूर्वीं ही वही काय आहे तें सांगणें प्राप्त आहे.

गेलीं अकरा वर्षें, दर शनिवारीं पहाटे, पुण्यांत गोल्फच्या मैदानावर आम्ही कांहीं मंडळी जमतों. यादींत नांवें सोळा. प्रत्यक्षांत हजर असामी दहा-बारा. त्यांत सैन्यांतून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब आहेत, एक डॉक्टर आहेत, एक वकील आहेत, संगणकाच्या धंद्यांतले तीन-चार तरुण आहेत, आणि ज्यांना आम्ही सारेच दादा म्हणतों असे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. मी ह्या मंडळींचा चिटणीस. हें पद मला कोणीं दिलेलें नाहीं. पहिल्या वर्षीं एकदां सर्वांचा मिळून हिशेब चुकला, तो मीं बरोबर करून दाखविला, आणि तेव्हांपासून तो माझ्या गळ्यांत पडला. इतकाच ह्या नेमणुकीचा इतिहास.

ह्यांत चिटणिसाला काम तें काय, असें गोल्फ न खेळणाऱ्या वाचकाला वाटेल. काठीनें चेंडू मारीत मारीत तो अठरा खळग्यांत एकामागून एक घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागले तो जिंकला. ह्यांत व्यवस्था करण्याजोगें काय आहे? पण अडचण नेमकी इथेंच आहे. असा सरळ खेळ आम्ही खेळलों तर आमच्यांतला सर्वांत तरुण गडी दर शनिवारीं जिंकेल आणि मी दर शनिवारीं हरेन. पहिले दोन शनिवार आम्ही दोघेहि तें सहन करूं. तिसऱ्या शनिवारीं मी अंथरुणांतून उठणार नाहीं, आणि चवथ्या शनिवारीं त्यालाहि उठावेंसें वाटणार नाहीं. समबळ माणसांचा खेळ आपोआप चालतो. असमान माणसांचा खेळ कोणीं तरी चालवावा लागतो. आणि मित्र हे बहुधा असमानच असतात.

ह्या असमानतेवर गोल्फनें जी तोड काढली आहे तिला हँडिकॅप म्हणतात. समजा, निष्णात खेळाडूनें बहात्तर फटक्यांत फेरी संपवावी अशी मैदानाची अपेक्षा आहे. मला सामान्यतः नव्वदांच्या आसपास फटके लागतात. तर मला अठरा फटक्यांची सूट मिळते, म्हणजे प्रत्येक खळग्याला एक. खळग्याला खेळणारे होल म्हणतात. पुढें मीहि तसेंच म्हणेन. एखाद्याला नऊच फटक्यांची सूट असेल तर ती सर्वांत अवघड अशा नऊ होलांवर मिळते, आणि कोणता होल किती अवघड हेंहि पत्रिकेवर छापलेलें असतें. ही सूट कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. २०२० सालापासून जगभर जी एकच पद्धत लागू होऊं लागली, तिच्याप्रमाणें आपल्याच शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ फेऱ्यांच्या आधारें हा आंकडा ठरतो. वय वाढलें, फटक्याचा पल्ला घटला, कीं आंकडा आपोआप चढतो. त्यासाठीं कोणापुढें पदर पसरावा लागत नाहीं, आणि कोणाला आपण मोठे दाते झालों असेंहि वाटत नाहीं. प्रौढ माणसानें आपला दुबळेपणा चारचौघांत आंकड्यानें सांगावा आणि त्यांत त्याला कांहीं लाज वाटूं नये, अशी जागा आपल्या व्यवहारांत दुसरी क्वचितच असेल.

ह्या शब्दाचें मूळहि मोठें मौजेचें आहे. इंग्लंडांत सतराव्या शतकांत ‘टोपींत हात’ अशा अर्थाच्या नांवाचा एक पैजेचा खेळ होता. दोघे जण आपल्या दोन वस्तूंची अदलाबदल करूं पाहत. तिसरा पंच होऊन, हलक्या वस्तूवर किती रक्कम चढविली म्हणजे सौदा बरोबरीचा होईल तें सांगे. पैसे टोपींत पडत, आणि ते दोघे टोपींत हात घालून, उघडा किंवा मिटलेला बाहेर काढून, आपला होकार-नकार दाखवीत. सॅम्युएल पेपिस यानें १६६० सालच्या आपल्या रोजनिशींत ह्या खेळाचा उल्लेख केला आहे. पुढें तो शब्द घोड्यांच्या शर्यतींत शिरला, आणि तेथून गोल्फमध्यें आला. म्हणजे ज्या शब्दाला आम्ही खेळांतला न्याय समजतों तो मुळांत पैजेच्या टोपींतून निघालेला आहे. न्याय आणि पैज ह्यांची सोयरीक अशी जुनी आहे.

तर शुक्रवारीं संध्याकाळीं माझें काम सुरू होतें. कोण येणार, कोण नाहीं, ह्याचे निरोप मोबाइलवर येतात. रात्रीं दहापर्यंत बारा नांवें होतात, तीं मी चौघाचौघांच्या तीन टोळ्यांत वांटतों, आणि पहाटे साडेपांचाला कोणाच्या तरी नातवाला ताप येऊन बाराचे अकरा होतात. आतां एका टोळींत तिघेच. चौघांना दोन जोड्या करतां येतात; तिघांचें काय करावयाचें? तर तिघांना प्रत्येक होलावर नऊ गुण: पहिल्याला पांच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. दोघे पहिले आले तर चार-चार-एक. तिघेहि सारखे आले तर तीन-तीन-तीन. अशा युक्त्या ह्या खेळांत पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकींत माणसाच्या स्वभावाची कांहीं तरी ओळख आहे.

स्किन्स नांवाचा प्रकार घ्या. त्यांत होल जिंकावयाचा तर एकट्यानेंच सर्वांत कमी फटक्यांत पुरा केला पाहिजे. दोघांची बरोबरी झाली कीं त्या होलाची रक्कम पुढच्या होलावर चढते. सहा-सात होल कोणीच जिंकला नाहीं म्हणजे आठव्यावर एवढें द्रव्य सांचतें कीं एरवीं मोठ्यानें गप्पा मारणारे वकीलसाहेब टिटवीसुद्धां ओरडूं नये अशी इच्छा करूं लागतात. वुल्फमध्यें प्रत्येकजण पाळीपाळीनें लांडगा होतो. इतरांचा पहिला फटका पाहून त्यानें आपला जोडीदार निवडावयाचा, किंवा कोणीच नको म्हणून एकट्यानें तिघांशीं लढावयाचें. आमचे डॉक्टर बहुधा एकटेच लढतात आणि बहुधा हरतात. रोग्यांच्या बाबतींत ते असे नाहींत, ही समाधानाची गोष्ट.

पण माझा आवडता प्रकार स्टेबलफर्डचा. फ्रँक बार्नी स्टेबलफर्ड हा इंग्लंडमधला डॉक्टर. त्याच्या पद्धतीची पहिली स्पर्धा १९३२ सालीं वॉलसीच्या मैदानावर झाली. पूर्वीं एका होलावर दहा-बारा फटके गेले कीं सारी फेरी बुडाली, आणि माणूस उरलेली वाट केवळ पाय ओढीत चालला, असें होई. स्टेबलफर्डनें प्रत्येक होलाला गुण ठेवले. सूट वजा जातां अपेक्षेइतके फटके लागले तर दोन, एक अधिक लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. आणि त्याहून वाईट खेळलांत तर शून्य. शून्याखालीं कांहीं नाहीं. चेंडू खिशांत घालावा आणि पुढच्या होलाकडे नव्यानें चालूं लागावें. एका डॉक्टराला दुखण्यावर शोधून काढतां येण्याजोग्या औषधांत हें औषध मला फार मोठें वाटतें: नुकसानीला तळ असावा.

हें वाक्य मीं आज लिहिलें. त्या वर्षीं जून महिन्यांत तें मला आठवलें असतें तर बरें झालें असतें.

आतां पैशांसंबंधीं. आमच्या घरीं पत्त्यांवर पैसे लावणें हें चोरीच्या खालोखालचें पाप गणलें जाई. दिवाळींतल्या पाडव्याला आजोबा सारीपाट मांडीत, तोहि कवड्यांवर; आणि खेळ संपल्यावर कवड्या मोजून डब्यांत परत. अशा घरांतल्या मुलानें पुढें पैजांची वही ठेवावी ह्याचें सौ.ला नवल वाटलें तर तिची चूक नाहीं. पण माझी समजूत अशी होती, आणि आजहि आहे, कीं थोडा पैसा लावल्यानें खेळांत एक प्रकारचा खरेपणा येतो. गोल्फमध्यें आपल्यामागें पंच हिंडत नसतो. झुडपाआड चेंडू पायानें थोडा सरकविला तर पाहणारा एक परमेश्वर आणि दुसरा कॅडी, आणि दोघेहि बोलत नाहींत. १९२५ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्सनें, आपला चेंडू किंचित् हलला म्हणून, दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नसतांहि, स्वतःवर एका फटक्याचा दंड लादून घेतला. शेवटीं बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांत तो हरला. आम्ही कांहीं बॉबी जोन्स नव्हे. पण वीस रुपयांची पैज असली म्हणजे आम्हीहि फटके नीट मोजतों. कारण वीस रुपयांसाठीं लबाडी करणें माणसाला शोभत नाहीं, आणि वीस रुपये उगाच जाऊं देणेंहि त्याला आवडत नाहीं. सहा वर्षें आम्ही अशा पैजा खेळलों. जिंकणारा जें जिंके तें उपमा आणि चहा ह्यांत जाई, आणि पुष्कळदां वर थोडें पदरचें घालावें लागे.

पुढें संगणकाच्या धंद्यांतली तरुण मंडळी आली. मुलें गुणी, पण त्यांच्या आणि आमच्या नाण्यांत दोन शून्यांचा फरक. त्यांतला एक मला म्हणाला, “काका, तुमच्या वीस रुपयांत हल्लीं कॉफीचा वाससुद्धां येत नाहीं.” मला तें लागलें. मी म्हातारा झालों असें त्यांनीं समजूं नये, एवढ्याच एका क्षुद्र हेतूनें मीं त्या वर्षीं जूनपासून पांचशें रुपयांचें नॅसॉ सुरू केलें.

नॅसॉ हें न्यूयॉर्कजवळच्या एका क्लबाचें नांव. विसाव्या शतकाच्या आरंभीं तिथें ही पद्धत निघाली असें सांगतात. आणि तिचा हेतूहि मोठा दयाळूपणाचा सांगतात. पहिल्या नऊ होलांचा एक सामना, पुढच्या नऊंचा दुसरा, आणि एकंदर अठरांचा तिसरा. म्हणजे कितीहि दारुण पराभव झाला तरी तो तीन-शून्य असाच नोंदला जावयाचा. पण दयेच्या पोटीं लोभ जन्माला यावयाला वेळ लागत नाहीं. ह्या पद्धतीला पुढें प्रेस नांवाचें शेपूट जोडलेलें आहे. दोन होल मागें पडलेल्या पक्षानें उरलेल्या होलांवर तेवढ्याच रकमेची नवी पैज लावावयाची. त्या पैजेंतहि मागें पडला तर आणखी एक. आम्हीं तर प्रेस आपोआप लागेल असाच नियम केला. आतां हिशेब पाहा. पहिल्या नऊंत मूळ पैज आणि दोन प्रेस, पुढच्या नऊंत तसेंच, आणि एकंदर सामन्याचे पांचशें: सात पैजा, साडेतीन हजार रुपये. बोलण्यांत पांचशें, देण्यांत साडेतीन हजार!

युधिष्ठिर द्यूत खेळला म्हणून बुडाला असें आपण लहानपणापासून ऐकतों. सभापर्वांतला तो प्रसंग पुन्हां वाचला तर वाटतें, कीं तो बुडाला तो प्रत्येक पराभवानंतर नवा पण लावीत गेला म्हणून. शकुनीला कपट करावें लागलें असेल. पण ‘आणखी काय लावतोस?’ एवढा प्रश्न विचारीत राहणें हेंच त्याचें मोठें कपट होतें. आम्हीं तोच प्रश्न नियमांत बसवून टाकला होता, म्हणजे कोणाला विचारावयाचेंहि कारण उरलें नव्हतें.

आतां दादांविषयीं. ते माझ्याहून सहा वर्षांनीं वडील. ह्या मैदानावर माझ्या हातांत पहिल्यांदां काठी नीट धरविली ती त्यांनीं. सारा जन्म एका खासगी कारखान्यांत गेला; त्यामुळें पेन्शन नाहीं, सांठविलेल्या पैशांच्या व्याजावर घर चालतें. वहिनींचें दुखणें चार वर्षांपासून घरांत मुक्कामाला आहे. ह्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या असें नव्हे. पण ठाऊक असणें आणि लक्षांत असणें ह्यांत अंतर आहे. चार वर्षांत दादांचा हँडिकॅप चौदावरून एकोणिसावर गेला होता, आणि तो प्रत्येक वेळीं बिनचूक चढविला होता ह्याचा मला अभिमान वाटे. आपण ह्या माणसाशीं पूर्ण न्यायानें वागत आहों अशी माझी खात्री होती.

जुलैच्या पावसांत मैदान भिजून जड झालें, चेंडू पडल्या जागीं रुतूं लागला. अशा दिवसांत जोर असलेला मनुष्य जिंकतो. दादा हरूं लागले. ऑगस्टमध्यें एका शनिवारीं त्यांचे अडीच हजार गेले. चहा पितांना त्यांनीं पाकीट काढलें, तेव्हां मी हलक्या आवाजांत म्हणालों, “राहूं द्या दादा, पुढच्या वेळीं पाहूं.”

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. दादांना रागावलेलें मीं त्यापूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें, आणि तेव्हांहि ते रागावले असें म्हणतां येणार नाहीं. “कां बरें?” एवढेंच ते म्हणाले. मग टेबलावर एकेक नोट मोजून ठेवली, शेवटची शंभराची दुमडलेली होती ती बोटानें सरळ केली, आणि म्हणाले, “हिशेब तो हिशेब.” मीं वहींत नोंद केली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत त्यांचा निरोप आला: गुडघा धरला आहे, कांहीं दिवस माझें नांव घालूं नये. त्या वयाला गुडघा धरतोच. मीं उत्तरीं एका तेलाचें नांव कळविलें.

दसऱ्याच्या आधीं चार-पांच दिवस मी सकाळीं पर्वतीवर गेलों होतों. बऱ्याच दिवसांनीं उघडीप झाली होती. अर्ध्या पायऱ्या चढून दम खात उभा राहिलों, आणि वर पाहतों तों दादा उतरतांना दिसले. शंभरावर पायऱ्या चढून जाऊन ते परत येत होते, आणि विशीच्या पोरासारखे झपझप उतरत होते. आमची दृष्टादृष्ट झाली. त्याच क्षणीं त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गेला.

“काय म्हणतो गुडघा?” मीं विचारलें. दुसरें कांहीं सुचलेंच नाहीं.

“पायऱ्यांवर त्रास देत नाहीं,” दादा म्हणाले. “सपाटीवर चाललें कीं दुखतो मेला.”

“असतें तसें कधीं कधीं,” मी म्हणालों.

आम्ही दोघे थोडा वेळ तिथेंच बसलों. हवेविषयीं बोललों, वहिनींच्या प्रकृतीविषयीं बोललों. शनिवारविषयीं त्यांनीं विचारलें नाहीं, मींहि काढलें नाहीं. निघतांना त्यांनीं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माझी समजूत घालावीशी वाटली असावी. ती त्यांना घालावी लागली, हें मला फार लागलें.

घरीं येऊन मीं खणांतून वही काढली. ह्या वहींत प्रत्येक शनिवारची एक ओळ असते, आणि प्रत्येक माणसाचा एक रकाना. ओळीची आडवी बेरीज शून्य आली पाहिजे. कारण एकानें जिंकलेलें दुसऱ्यानें गमावलेलें असतें. ती शून्य आली कीं हिशेब बरोबर, अशी माझी अकरा वर्षांची रीत. अकरा वर्षांत रकान्याची उभी बेरीज मीं एकदांहि केली नव्हती. करण्याचें कारणच नव्हतें. वीस रुपयांच्या दिवसांत ती कोणाचीहि इकडेतिकडे शें-दोनशेंच भरली असती.

त्या दिवशीं मीं दादांचा रकाना वरून खालीं मिळविला. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर अकरा शनिवार: उणे साडेअठरा हजार. दोनदां मिळवून पाहिला. मग नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तो माझा होता. अधिक अकरा हजार.

मी काठी बरी चालवूं लागलों होतों म्हणून हे पैसे आले होते काय? तसें मुळींच नाहीं. टोळ्या मी पाडीत होतों, जोड्या मी ठरवीत होतों. आणि दर वेळीं न्यायानेंच ठरवीत होतों अशी शपथ आजहि मी घेईन. पण ज्याला पांचशें रुपयांची भीति वाटत नाहीं त्याचा हात शेवटच्या फटक्याला कांपत नाहीं, आणि ज्याला वाटते त्याचा कांपतो. चार फूट अंतरावरून चेंडू अलगद खळग्यांत ढकलावयाचा असतो, तेव्हां दादांना त्या चार फुटांत औषधांचें बिल दिसत असेल, आणि मला मात्र नुसता खळगा दिसत होता. हाताच्या दुबळेपणाला आम्हीं आंकडा दिला होता. खिशाच्या दुबळेपणाला दिला नव्हता. आणि त्या दिवशीं ‘राहूं द्या’ म्हणालों तें कां बोंचलें, हेंहि मला आतां उमगलें. हँडिकॅपची सूट नियम देतो, ती सर्वांना मिळते, म्हणून ती घेतांना मान ताठ राहते. माझी सूट मीं दिली होती, ती एकट्या दादांना दिली होती, आणि ती चारचौघांत दिली होती.

म्हणजे दादांसाठीं कांहीं करावयाचें तर तें दादांसाठीं करून चालणार नव्हतें. तें सर्वांसाठीं करावयाला हवें होतें.

त्या शुक्रवारीं रात्रीं यादींतल्या सोळाहि नांवांना मीं एकच निरोप धाडला. दादांचें नांव त्यांत नेहमींसारखें होतें. त्यांना वेगळें कांहींहि लिहिलें नाहीं. निरोप असा: उद्यांपासून प्रेस बंद. पैज गुणांवर, गुणाला पांच रुपये. कोणाचेंहि एका सकाळचें नुकसान शंभर रुपयांवर जाणार नाहीं. गेलें तर वरची रक्कम वहींत धरली जाणार नाहीं. जिंकलेली रक्कम न्याहारींत जाईल.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुरबुर झाली. “काका, मग मजा काय राहिली?” हा प्रश्न आलाच. मी उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत कर्नलसाहेब पायांतला बूट घट्ट बांधीत खालूनच म्हणाले, “अरे, मला परवडत नाहीं रे बाबांनो. पेन्शनीचा माणूस मी. चिटणिसांना मींच सांगितलें होतें.” कर्नलसाहेबांनीं मला कांहींहि सांगितलेलें नव्हतें, आणि साडेतीन हजार काय, पस्तीस हजार गेले तरी त्यांच्या घरच्या चहांत एक चमचा साखर कमी पडणार नाहीं, हें सर्वांना ठाऊक आहे. पण सैन्यांतल्या माणसापुढें वाद कोण घालणार? मुलांनीं मान डोलाविली. आपापसांत त्यांनीं पुढें निराळ्या पैजा ठेवल्या असतील. त्या ह्या वहींत येत नाहींत, आणि त्यांनीं खुशाल ठेवाव्या. ज्यांचे खिसे सारखे त्यांना चिटणिसाची गरज नाहीं.

दादा त्या शनिवारीं आले नाहींत. पुढच्याहि नाहीं. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारीं मी अंधारांत गाडी लावीत होतों तों मागून आवाज आला, “आज कोणता प्रकार?” गुडघ्याचें नांव त्यांनीं काढलें नाहीं, मींहि काढलें नाहीं.

त्या दिवशीं मीं बिंगो-बँगो-बोंगो लावला. नांव पोरकट आहे, पण प्रकार शहाणा आहे. प्रत्येक होलाला तीन गुण: खळग्याभोंवतालच्या हिरवळीवर ज्याचा चेंडू प्रथम पोंचेल त्याला एक, सर्व पोंचल्यावर ज्याचा खळग्याच्या सर्वांत जवळ असेल त्याला एक, आणि ज्याचा प्रथम खळग्यांत जाईल त्याला एक. गोल्फमध्यें जो मागें असतो त्याची पाळी आधीं येते. त्यामुळें लांब न मारणाऱ्यालाहि ह्या खेळांत पहिली संधि वारंवार मिळते, आणि शेवटपर्यंत तो खेळांत असतो. फेरी संपली तेव्हां दादांकडे चाळीस रुपये निघाले. कर्नलसाहेबांनीं आपली टोपी टेबलावर उलटी ठेवली. ज्यांच्याकडे जें निघालें तें त्यांनीं त्यांत टाकलें. दादांनींहि वीसाच्या दोन नोटा टाकल्या आणि दुसरी बशी उपमा मागविला.

त्या दिवसापासून मी वहींत प्रत्येक महिन्याच्या शेवटीं एक ओळ अधिक आंखतों, आणि सर्वांच्या रकान्यांची उभी बेरीज मांडतों. ती सांगत नाहीं कोणाला, पाहून ठेवतों. सौ.ला मीं ही सारी हकीगत ऐकविली. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली, आणि मग विचारलें, “आणि ते अकरा हजार?”

ते अकरा हजार परत करतां येत नाहींत. दादांना ते देऊं जाणें म्हणजे पुन्हां एकदां ‘राहूं द्या’ म्हणणेंच होय. शिवाय ते उरलेलेहि नाहींत. त्यांतून मीं त्याच पावसाळ्यांत एक नवा पटर घेतला होता. चेंडू खळग्यांत ढकलण्याची ती शेवटची काठी. परवां एका होलावर मीं तो बाजूला टेकवून ठेवला होता. दादांनीं तो उचलला, हातांत तोलून पाहिला, आणि त्यावरून बोट फिरवीत म्हणाले, “छान आहे हो. वजन अगदीं बेताचें आहे. कधीं घेतलात?”

“पावसाळ्यांत,” मीं म्हटलें.

“छान आहे,” ते पुन्हां म्हणाले, आणि पटर माझ्या हातीं देऊन आपल्या चेंडूकडे चालूं लागले. पाळी त्यांची होती.